गाऊनवर ओढणी टाकली की चालतं का? घरातल्या कपड्यांत बाहेर जाण्याचे तुमचे अनुभव सांगा

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरचा विषय दहा मिनिटांत गुंडाळला आणि मग तब्बल पाऊण तास चर्चा कशावर, तर बायकांनी गाऊन घालून खाली उतरावं की नाही. एका सभासदांनी मोबाईल काढून बातमी वाचून दाखवली, २०२३ साली ग्रेटर नोएडातल्या एका सोसायटीनं लुंगी आणि नाईटी घालून कॉमन एरियात फिरू नका असं पत्रक काढलं होतं, ती. म्हणाले आपणही असं काहीतरी लावूया, पाहुणेरावळे येतात, बरं दिसत नाही. त्या पत्रकात लुंगीही होती, पण आमच्याकडे सगळा वेळ बोलणं झालं ते फक्त गाऊनवर. मला राग आला, तो अजून गेलेला नाही, म्हणून हा धागा काढतेय.

मी गाऊनवर खाली जाते. घंटागाडी पावणेसातला येते, तेव्हा गॅसवर कुकर असतो, एका हातात पोळीचं पीठ, लेकाचा डबा अर्धा भरलेला, आणि गाडी दोन मिनिटांच्या वर थांबत नाही. दाराच्या मागे खिळ्याला एक पिवळी ओढणी कायम टांगलेली आहे. तिचा ड्रेस कधीच गेला, ओढणी राहिली. ती गाऊनवर टाकली, ओला-सुका दोन्ही डबे उचलले की मी निघाले. दूध, कोथिंबीर, बसस्टॉपवर मुलाला सोडणं, एवढं सगळं त्या ओढणीत होतं. पण रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये जायचं असेल तर मी आत जाऊन कुर्ता घालून येते. दुकान शंभर पावलांवर आहे, तरी. ही रेघ मला कोणी आखून दिलेली नाही पण माझे पाय तिथे थांबतात खरे.

तुमची रेघ कुठे आहे? बायका, पुरुष, गावाकडचे, परदेशातले, सगळ्यांनी लिहा. कुणाच्या शरीरावरून बोलू नका एवढीच विनंती.

* * *

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. दोन खोल्या, बाहेर लांब गॅलरी, टोकाला नळ आणि संडास. सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभं राहायचं तर कोण कपडे बदलणार, पुरुष पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर खांद्याला पंचा टाकून, बायका रात्रीच्याच चुरगळलेल्या साडीत, नंतर नंतर गाऊनमध्ये. गॅलरी म्हणजे आमच्या घराचाच भाग होता, जिन्याच्या खालच्या पायरीपासून बाहेर सुरू व्हायचं. वडील पेपर आणायला खाली उतरताना शर्ट घालायचे, बटणं जिन्यात लावत जायचे.

मी हे लिहितोय कारण नोकरीनिमित्त काही वर्षं शांघायला होतो आणि तिथे जुन्या गल्ल्यांमध्ये मला हुबेहूब तेच दिसलं. शिकुमेन म्हणतात त्या घरांना, मुळात एका कुटुंबासाठी बांधलेली पण पुढे एकेका घरात अनेक कुटुंबं कोंबली गेली, स्वयंपाकघर सामायिक, घरात संडास नाही. त्यामुळे लोक गल्लीत पायजम्यातच वावरायचे, भाजी आणायला त्यातच, आणि कितीतरी जणांचे पायजमे चांगले इस्त्रीचे, फुलाफुलांचे, वर-खाली जोडी जमवलेले असायचे. २०१० मध्ये तिथे वर्ल्ड एक्स्पो म्हणजे जागतिक प्रदर्शन झालं, त्याच्या आधी सरकारनं मोहीमच काढली, पायजमे घालून घराबाहेर पडू नका, एक्स्पोचे सुसंस्कृत नागरिक व्हा अशा अर्थाची. माझ्या ओळखीच्या एक आजी होत्या, नूडल्सच्या दुकानात रोज भेटायच्या. त्यांना हे फार लागलं. त्यांचं म्हणणं, मी बाहेर आलेच नाहीये, ही माझी गल्ली आहे. मला लगेच आमची गॅलरी आठवली. घर छोटं असलं की माणूस दाराबाहेर घर वाढवतो, आणि मग कपड्यांची हद्दही तेवढीच पुढे सरकते. मोठ्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी त्याला बेशिस्त म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

चीनचाच आणखी एक प्रकार सांगतो. जानेवारी २०२० मध्ये आन्ह्वे प्रांतातल्या सुझोऊ शहरात पायजम्यात फिरणाऱ्या सात जणांचे फोटो नावांसकट तिथल्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले, असंस्कृत वर्तन म्हणून. लोक इतके खवळले की शेवटी अधिकाऱ्यांना माफी मागावी लागली.

* * *

गोव्यात हा प्रश्नच नाही गो. सकाळी पोदेराचा हॉर्न वाजला की सगळ्या वाड्यावरच्या बायका नाईटीतच फाटकाशी येतात, पाव घेतात, दोन गजाली होतात. सायकल पुढे गेली की परत आत. मासे घेऊन येणारीलाही तसंच. फक्त चर्चमध्ये मिसाला किंवा देवळात जाताना मात्र कडक कपडे.

* * *

माझी आई पंचवीस वर्षं धुणीभांडी करत होती. पहाटे साडेपाचला उठून साडी नेसून, खांद्याला पिन लावून, पदर खोचूनच घराबाहेर पडायची. जिथे कामाला जायची त्या ताई अकरा वाजेपर्यंत गाऊनमध्ये असायच्या, दार त्यातच उघडायच्या, खाली जाऊन इस्त्रीवाल्याशी त्यातच बोलायच्या, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही, बाई खूप चांगल्या होत्या.

एकदा जुलैत रस्त्यात पाणी भरलं, आई कामावर पोचेपर्यंत कमरेपर्यंत भिजली. ताईंनी स्वतःचा धुतलेला गाऊन काढून दिला, म्हणाल्या काम राहू दे, हा घाल आणि घरी जा. आईनं तो घातला नाही. तशीच ओल्या साडीत आली, दात वाजत होते तिचे. मी चिडले, ताप आला म्हणजे. ती म्हणाली, "ताई गाऊनवर खाली गेल्या तर लोक म्हणतील घाईत असतील. मी गेले तर वॉचमन विचारेल, कुणाचा घातलास."

मला आज चांगली नोकरी आहे, स्वतःचा फ्लॅट आहे. मी अजूनही गाऊनवर लिफ्टच्या पुढे जात नाही. तुम्ही रेघ कुठे आहे विचारलंत म्हणून लिहिलं.

* * *

कराडकडचा आहे मी. आमच्याकडं पायजमा हाच बाहेरचा कपडा हो. आजोबांचे दोन प्रकार, पट्ट्यापट्ट्याचा रानात आणि घरात, आणि पांढरा एसटीला, बाजाराला, लग्नाला. पांढरा नीळ घालून धुतलेला, तांब्यात निखारे घालून त्यानं इस्त्री केलेला, वर नेहरू शर्ट आणि टोपी. नाडी चुकून बाहेर दिसली तर आजी उंबऱ्यावर अडवायची.

काही वर्षांपूर्वी पुण्यात चुलत भावाच्या मुलाचा वाढदिवस होता एका क्लबात. आजोबा तोच पांढरा पायजमा घालून आले. दारावरच्या माणसानं सांगितलं, नाईट ड्रेस अलाउड नाही. नाईट ड्रेस! फारसीत पाय म्हणजे पाय आणि जामा म्हणजे कपडा, शब्द इथे रुजलेला, कपडा इथला, साहेब घेऊन गेला आणि त्यानं तो झोपायचा केला, आणि आता आपलाच माणूस आपल्याच आजोबाला दारात थांबवतो. भावानं आत जाऊन भांडून त्यांना नेलं पण आजोबा जेवले नाहीत. परत येताना गाडीत शांत बसले होते, मांडीवर हातानं पायजम्याच्या चुण्या सरळ करत. ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

* * *

मी नाशिकला प्राथमिक शाळेत शिकवते. माझं मत इथे कुणाला आवडणार नाही पण लिहिते. गेटवर मुलाला सोडायला गाऊनवर आलात, काही हरकत नाही. पण पालकसभेला, निकालाच्या दिवशी, बर्मुडा आणि बाह्या कापलेल्या टीशर्टमध्ये बाबा येतात, आई गाऊनवर जाकीट घालून येते, तेव्हा मला वाईट वाटतं, आणि ते माझ्यासाठी नाही. पोरं त्या दिवशी तेल लावून, भांग पाडून, बूट पॉलिश करून आलेली असतात. एका मुलीनं वर्गाच्या खिडकीतून आईला येताना पाहिलं आणि ती बाकाखाली पेन्सिल शोधायला लागली. पेन्सिल तिच्या हातातच होती.

इंग्लंडमध्ये डार्लिंग्टन गावी एका शाळेच्या मुख्याध्यापिकेनं जानेवारी २०१६ मध्ये पालकांना पत्र लिहिलं होतं, मुलांना सोडायला पायजम्यात येऊ नका म्हणून. तिथे तर काही पालक ख्रिसमसच्या कार्यक्रमालाही तसे आले होते. ते वाचून मला वाटलं, बाई माझ्या मनातलं बोलली. दंड नाही, पाटी नाही, नुसतं समजावून सांगितलं.

* * *

वरच्या बाईंना उत्तर देतेय. मी इंग्लंडमध्येच राहते, लीड्सला, ते पत्र तेव्हा इथे खूप गाजलं होतं. तुमचं म्हणणं मला पटतं पण अर्धंच. माझी धाकटी तान्ही होती, रात्रीतून चार वेळा उठायची, नवरा पहाटे कामावर जायचा आणि मोठ्याला पावणेनऊला शाळेत पोचवायचं, त्या सबंध हिवाळ्यात मी पायजम्यावर लांब कोट चढवून गेले, चेन गळ्यापर्यंत ओढून. माझ्यासारख्या दोघीतिघी होत्या, कोटाखालून डोकावणाऱ्या पायजम्याच्या कडेवरून आम्ही एकमेकींना ओळखायचो. त्यातली एक नंतर माझी सगळ्यात जवळची मैत्रीण झाली. पालकसभेला मात्र मी साडी नेसून गेले होते, ते तुमच्यासारख्याच एका शिक्षिकेनं मला शिकवलं होतं म्हणून.

* * *

रात्री पावणेदोनला सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं, मिस्टर टूरवर. शेजारच्या दादांनी गाडी काढली आणि मी होते तशी बसले, निळा अल्पाईनचा गाऊन, ओढणीसुद्धा घेतली नाही, आत काही घातलेलं नव्हतं हे बायकांना वेगळं सांगायला नको. हॉस्पिटलात मी फाईल छातीशी धरून उभी होते, सगळी औषधं मला पाठ, आधीच्या अँजिओप्लास्टीची तारीख मला पाठ, आणि काउंटरवरचा माणूस माझ्या डोक्यावरून दादांना विचारतोय, पेशंटबरोबर घरचं कोणी आहे का? मला कामवाली समजला असेल किंवा काय ते देव जाणे. कामवाली असते तरी असं वागवावं का? एका मावशींनी, तिथे फरशी पुसत होत्या त्यांनी, स्वतःची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि काही न बोलता बादली घेऊन पुढे गेल्या. सकाळी दहापर्यंत मी त्या शालीत होते.

सासरे बरे आहेत. आता आमच्या मेडिकलच्या फाईलच्या पिशवीतच एक कुर्ता आणि सलवार घडी करून ठेवलेली असते. सगळ्यांनी ठेवा.

* * *

पाट्या आणि दंडाचं कोणीतरी काढलंत म्हणून. नवी मुंबईत गोठिवली गावात २०१४ मध्ये दिवसा गाऊन घालून बाहेर दिसलं तर ५०० रुपये दंड असं ठरलं होतं, आणि तेही बायकांच्याच मंडळानं ठरवलं होतं. मी तेव्हा घणसोलीला भाड्यानं राहायचे, जवळच. आमच्या नळावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. गंमत म्हणून नाही सांगत, कित्येकींना तो नियम बरोबर वाटत होता. एक जण म्हणाली सुनांना मी सांगितलं तर सासू वाईट होते, पाटीनं सांगितलं तर बरं. दुसरी म्हणाली मी चार घरची कामं करून आल्यावर दाराशी भाजीवाला आला तर परत साडी नेसू का. दोघी माझ्याच गल्लीतल्या, दोघींचंही मला पटलं होतं तेव्हा. पुढे २०१८ ला आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या एका गावानं तर सकाळी सात ते संध्याकाळी सात नाईटीला बंदी घातली, २००० रुपये दंड, आणि चुगली करणाऱ्याला १००० बक्षीस. ते वाचल्यावर मात्र माझं मत पक्कं झालं. शेजारणीनं शेजारणीवर पाळत ठेवायची आणि पैसे घ्यायचे, यापेक्षा वाईट काय असेल. आणि उघड्या अंगानं ओट्यावर बसणाऱ्या पुरुषाला मी कधी कुठे दंड झालेला ऐकला नाही.

* * *

धागा काढणारी परत आलेय. सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. ओल्या साडीत घरी आलेल्या आईंचं वाचून मी पोळ्या लाटता लाटता थांबले. नाशिकच्या बाई, निकालाच्या दिवसाचं मी लक्षात ठेवीन. पुढच्या मीटिंगला सांगणार आहे की पाटी लावायची नाही, आणि लावायचीच असेल तर पुरुषांच्या बनियनसकट लावा.

* * *

उशिरा लिहितेय, मी शिवणकाम करते, गाऊनच जास्त. तीस वर्षं झाली. माझ्या आईनं पहिला गाऊन पन्नाशीत घातला, तोवर झोपायलाही साडीच, आणि पहिल्या रात्रीनंतर सकाळी उठून म्हणाली, अगं कमरेला काही आवळलेलंच नाही. तिच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळा वळ होता, कायमचा. म्हणून मला या कपड्याला कोणी नावं ठेवली की सहन होत नाही.

पूर्वी बायका सांगायच्या, सैल कर, घरातच घालायचाय. आता सांगतात, खालपर्यंत जाता येईल असा कर. म्हणजे गळा वर, बाही कोपरापर्यंत, लांबी घोट्याला टेकणारी, आणि छातीच्या भागाला आतून मलमलचं अस्तर, दुहेरी, म्हणजे ओढणी विसरली तरी अवघडायला होत नाही. कापड गडद, बारीक छापाचं. उजव्या शिवणीत खिसा. एवढं केलं की निम्म्या बायका ओढणी घेणं सोडून देतात असं मी बघितलंय.

गेल्या आठवड्यात सत्तरीच्या एक आजी आल्या होत्या. खिशात स्वतः हात घालून बघितला, म्हणाल्या दोन बोटं खोल कर अजून, किल्ली, मोबाईल आणि भाजीचे सुटे पैसे राहिले पाहिजेत. उसवून परत शिवून दिला. तोच घालून घरी गेल्या, नेसून आलेली साडी पिशवीत.