ग्रंथी म्हणजे थर की गाठ?

जिज्ञासू:
ग्रंथिल अभिस्तर हा अभिस्तर ऊतीचाच एक प्रकार आहे, असे पाठ्यपुस्तकात दिले आहे. अभिस्तर म्हणजे शरीराची आतली-बाहेरची पृष्ठे झाकणारा पेशींचा थर. ग्रंथी मात्र गाठीसारखी भरीव दिसते. मग या दोहोंचा मेळ कसा घालायचा? काखेतल्या लसिका ग्रंथीही (लिम्फ नोड) याच ऊतीच्या असतात का?

सूक्ष्मदर्शी:
याचे उत्तर भ्रूणावस्थेत सापडते. पृष्ठावरच्या अभिस्तराच्या पेशी भराभर वाढून खालच्या संयोजी ऊतीत, म्हणजे इतर ऊतींना जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या ऊतीत, शिरतात. पृष्ठाशी असलेला दुवा नलिका म्हणून टिकला तर लाळग्रंथी किंवा घामग्रंथीसारखी बहिःस्रावी ग्रंथी तयार होते, आणि तो विरून गेला तर स्राव थेट रक्तात सोडणारी अंतःस्रावी ग्रंथी. अवटू (थायरॉइड) ग्रंथी जिभेच्या मुळाशी उगम पावून गळ्यात उतरते, आणि त्या वाटेची खूण म्हणून जिभेच्या मागच्या भागावर एक लहानसा खळगा राहतो. स्वादुपिंडात तर दोन्ही प्रकार एकत्र नांदतात.

लाळग्रंथीचा छेद एकदा सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहा. पाचरीच्या आकाराच्या पेशी, त्यांची निमुळती टोके मधल्या बारीकशा पोकळीकडे, केंद्रके तळाशी, असे गोल झुबके दिसतात. तो थरच आहे, फक्त गुंडाळलेला. आणि असे असंख्य झुबके संयोजी ऊतीने एकत्र बांधले की बाहेरून गाठ दिसते.

पेशीमित्र:
एक भर घालतो. ग्रंथी अनेक पेशींचीच असते असेही नाही. आतड्याच्या अस्तरातली श्लेष्मा स्रवणारी चषक पेशी ही एकट्या पेशीची ग्रंथी होय. स्रवण्याच्या रीतीही वेगवेगळ्या असतात: लाळग्रंथीची पेशी आतल्या सूक्ष्म पिशव्या पृष्ठाशी रिकाम्या करून शाबूत राहते, तर त्वचेच्या तैलग्रंथीतली पेशी मेदाने गच्च भरून फुटते आणि स्वतःच स्राव होते. मला हा दुसरा प्रकार नेहमीच थोडा अघोरी वाटत आला आहे.

अभ्यासक:
लसिका ग्रंथींचा प्रश्न राहून गेला. त्यांना ग्रंथी म्हणणे ही जुनी सवय आहे. त्या काही स्रवत नाहीत, लसिका (ऊतींमधून गोळा होणारा द्रव) गाळतात, आणि त्यांत मुख्यतः लसिका पेशी असतात, त्यामुळे ‘लसिका गाठी’ हेच नाव मला योग्य वाटते. उलट बाजूने, खऱ्या ग्रंथींतही अपवाद आहेत. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा गाभा चेतासंस्थेच्या मूळ पेशींपासून घडतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा मागचा भाग तर चेताऊतीचाच असतो, आणि तिथून रक्तात जाणारी संप्रेरके मेंदूतल्या अधश्चेतकात तयार होऊन चेतातंतूंतून खाली येतात.