जुनी प्रेमकथा आणि भीती, सिनेमात दोन्ही एकत्र जमतं का?

पुस्तकवेडी: जेन ऑस्टेनच्या प्रेमकथेत झॉम्बी घुसवलेला ‘प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झॉम्बीज’ (२०१६) बघितला. डार्सी एलिझाबेथला लग्नाचं विचारतो तेव्हा दोघांची चक्क हाणामारी होते, तो सीन प्रचंड आवडला, कारण ऑस्टेनची एलिझाबेथ तिथे शब्दांनी जे करते ते ही हातापायांनी करते. पण झॉम्बी वाढत गेले तसं या दोघांचं काय होतंय याच्याशी मला देणंघेणंच उरलं नाही. भीती आली की प्रेम मागे पडतंच का? दोन्ही जमलेले सिनेमे सांगा ना.

रातपाळी: कोपोलाचा ‘ड्रॅक्युला’, १९९२. १८९७ च्या मूळ कादंबरीत नायिका मीना आणि ड्रॅक्युलाचं प्रेमबिम काही नाहीये, तो सरळ शिकारी आहे. सिनेमात त्याला मेलेली बायको दिली आणि मीना हुबेहूब तिच्यासारखी. त्यामुळे तो तिला आपल्यासारखं रक्तपिपासू करायला निघतो आणि ऐनवेळी थांबतो, हिला हा शाप नको म्हणून, आणि तीच हट्ट धरते, तिथे अंगावर काटा येतो आणि वाईटही वाटतं. शिवाय त्याची सावली त्याला सोडून भलतंच काहीतरी करत असते, ते सगळं कॉम्प्युटरशिवाय, जुन्या कॅमेऱ्याच्या करामती वापरून केलंय.

धुकं_आणि_चहा: दिसायला अप्रतिम आहे पण मला त्याची कीव यायला लागली आणि भीती गेली. त्यापेक्षा ‘जेन एअर’ बघ, १९४३ चा, ऑर्सन वेल्सवाला. (स्पॉयलर आहे पुढे.) रात्रीचं ते हसणं, पेटलेला पलंग, आणि त्याच घरात जेन घरमालक रॉचेस्टरच्या प्रेमात पडतेय. वर कोंडून ठेवलेली त्याची बायको हेच भीतीचं कारण आणि लग्न मोडायचं कारणही तेच, म्हणून एक काढलं तर दुसरं उरतच नाही. झॉम्बी काढून टाक, डार्सी-एलिझाबेथची गोष्ट जशीच्या तशी राहते, तुझं लक्ष उडालं ते त्यामुळेच असं मला वाटतं.

रातपाळी: हे पटलं. मग ‘रेबेका’ (१९४०) पण घ्या. भूत नाही काही नाही, पण हिचकॉकने घरची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स हिला चालताना जवळपास दाखवलंच नाहीये, वळून बघावं तर ही उभीच.

पुस्तकवेडी: तो यादीत आहेच! आधी कादंबरी वाचू का?

धुकं_आणि_चहा: हो, आधी वाचच. (परत स्पॉयलर.) पुस्तकात नायक मॅक्सिमने पहिल्या बायकोला, रेबेकाला, गोळी घातलीय, तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमांत बायकोचा खुनी मोकळा सुटणं बसत नव्हतं म्हणून सिनेमात तो अपघात केला. आणि पुस्तकात तो कबूल करतो तेव्हा त्याच्या दुसऱ्या बायकोच्या मनात काय, तर त्याचं रेबेकावर प्रेम नव्हतं याचाच आनंद. मला तर ते कुठल्याही भुतापेक्षा भयानक वाटलं.