समोरच्या टेबलावर आपलंच माणूस : टेकओव्हरच्या काळातले अनुभव

मार्च २०१९ मध्ये एलअँडटीने कॅफे कॉफी डेवाल्या व्ही. जी. सिद्धार्थ यांच्याकडचे बंगळुरूच्या माइंडट्री या आयटी कंपनीचे २०.३२ टक्के शेअर ९८० रुपये भावाने घ्यायचा करार केला आणि त्याच भावाने आणखी ३१ टक्क्यांसाठी ओपन ऑफर, म्हणजे बाकीच्या भागधारकांकडून शेअर घ्यायचा खुला प्रस्ताव, जाहीर केली. संस्थापकांनी उघड विरोध केला. त्यांच्यातले सुब्रतो बागची ओडिशा सरकारातलं काम सोडून बंगळुरूला परतले. तरी जून संपता संपता साठ टक्क्यांच्या आसपास हिस्सा एलअँडटीकडे गेला आणि जुलैत संस्थापक बाहेर पडले.

भाव, टक्केवारी, कोण जिंकलं हे पेपरात येतं. पण टेकओव्हरच्या, म्हणजे एका कंपनीने दुसरी ताब्यात घ्यायच्या, प्रत्येक लढाईत दोन्हीकडे पगारी माणसं असतात : मर्चंट बँकर, सीए, वकील, कंपनी सेक्रेटरी, एचआरवाले. मुंबई-पुण्यात ही मंडळी एकाच कॉलेजातली निघतात, कधी एकाच घरातलीही. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर लिहा. सगळं नीट निस्तरलं असेल तरी लिहा, नुसती रडगाणीच हवीत असं नाही. फक्त कंपनीची नावं आणि ओळख पटेल असा तपशील टाळा.

*

मर्चंट बँकिंग, मुंबई

आम्ही दोघी फोर्टातल्या एकाच सीए फर्ममध्ये आर्टिकल्स, म्हणजे शिकाऊ सीए, होतो. तिथल्या सरांचे हट्ट ठरलेले. एका वाक्यात एकच गोष्ट, आणि 'हाउएव्हर'ने वाक्य सुरू करायचं नाही. केलं तर अख्खं पान परत. पुढे मी मर्चंट बँकेत गेले, ती एका लिस्टेड कंपनीच्या फायनान्समध्ये.

काही वर्षांनी आमच्याकडे टेकओव्हरचं एक मँडेट, म्हणजे काम, आलं. फाइलवर नेहमीसारखं कोडनेम, एका नदीचं. उघडून बघते तर टार्गेट, म्हणजे ताब्यात घ्यायची कंपनी, हिचीच. मी लगेच कंप्लायन्सला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाला, कळवलं. नातेवाईक आहे का? नाही. आर्थिक व्यवहार? नाही. मग करा काम, म्हणाले. 'मैत्रीण' असा रकानाच त्यांच्या फॉर्ममध्ये नव्हता.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे अशी बातमी ज्याच्या ज्याच्या कानावर जाते त्याचं नाव पॅन नंबरसकट नोंदवून ठेवावं लागतं. माझं चढलं होतं. त्याच सुमारास माटुंग्याला इडली खाताना तिने विचारलं, "इसॉप्सचे, कंपनीकडून मिळालेले, शेअर विकून घराचं डाउन पेमेंट करू, की थांबू गं अजून?" आमचा ऑफर भाव बाजारापेक्षा बराच वर जाणार हे मला पक्कं ठाऊक. 'थांब' म्हणणं हा गुन्हा आणि 'विक' म्हणणं हे पाप. मी सांबाराच्या वाटीत बघत म्हटलं, "नवऱ्याला विचार ना." ती म्हणाली, "त्याला शेअरमधलं काय कळतंय? म्हणून तर तुला विचारतेय."

तिने विकले.

ऑफरची पब्लिक अनाउन्समेंट एक्स्चेंजवर झळकली, त्यावर मॅनेजर टू द ऑफर, म्हणजे ऑफर सांभाळणारी बँक, म्हणून आमचं नाव. अर्ध्या तासात तिचा फोन. "तुला तेव्हा माहीत होतं," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.

मग सुरू झाली लढाई. टार्गेटच्या स्वतंत्र संचालकांच्या समितीला ऑफरबद्दल आपलं मत कारणांसह छापावं लागतं. त्यांनी भाव अपुरा आहे असं ठोकून दिलं. आमच्या टीमने तो मजकूर मोठ्याने वाचून त्यातल्या फटी शोधायला घेतल्या. मला दुसऱ्या परिच्छेदातच कळलं कुणी लिहिलंय. आखूड वाक्यं, एकात एक गोष्ट, आणि एकही 'हाउएव्हर' नाही. त्याला उत्तर माझ्याच हातून गेलं. त्यातही नव्हता.

ऑफर पुरी झाली. बोलणं बऱ्याच काळाने सुरू झालं, तेही सर गेले तेव्हा त्यांच्या घरी भेटलो म्हणून. आता मुलांचं, आईच्या गुडघ्यांचं सगळं बोलतो. पैशाचा विषय निघाला की ती दुसरा काढते.

*

एचआर, पुणे

आमच्याकडे समोरच्या टेबलावर नवराच होता.

तो हिंजवडीच्या फेज टूमध्ये, मी फेज थ्रीमध्ये. दोन्ही आयटी कंपन्या, दोन्ही एकमेकींची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या. त्याच्या कंपनीने माझी घेतली. पुढे ग्रेड मॅपिंग येतं. आमच्याकडचा सीनियर मॅनेजर त्यांच्याकडे नुसता मॅनेजर धरायचा की कसं, यावर दोन्हीकडच्या एचआरची खडाजंगी. त्यांच्या बाजूने हा, आमच्या बाजूने मी. घरी नियम केला की डायनिंग टेबलावर लॅपटॉप आणायचा नाही. सासूबाईंनी पहिल्याच रात्री विचारलं, "म्हणजे आता तू याची बॉस की हा तुझा?" दोघंही गप्प. "बरं, पोळी वाढू का?"

भांडणं ऑफिसात झाली आणि बरी झाली. माझ्या माणसांच्या ग्रेडसाठी मी त्याला मीटिंगमध्ये धारेवर धरलं आणि घरी येताना त्याच्याच गाडीत बसले. बिनसलं ते पुढे. दोन्ही कंपन्यांत जी पदं दुहेरी होती त्यांची यादी निघाली. माझं पद दुहेरी होतं. यादीच्या बैठकीतून त्याने रीतसर अंग काढून घेतलं होतं, पण यादी ज्या फोल्डरमध्ये होती तो त्याला उघडता येत होता. मला अधिकृतपणे कळायच्या आधीपासून त्याला माहीत होतं.

मला राग यादीचा नाही आला. त्या दिवसांत तो सकाळी लवकर उठून माझा चहा करायला लागला होता, त्याचा आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी चहा केला नव्हता. मला वाटलं, वय वाढलं, शहाणपण आलं.

आता मी दुसरीकडे आहे, पगार बरा आहे. चहा मीच करते.

*

निवृत्त इंजिनिअर, पवई

मी एलअँडटीचा जुना माणूस. त्यामुळे २०१९ मध्ये घरात माझी काय दशा झाली ते लिहितो.

तरुणांना माहीत नसतं, पण आमच्या कंपनीवरही दोनदा ही वेळ आली होती. १९८९ मध्ये धीरूभाई अंबानी अध्यक्ष झाले आणि वर्षभरात पायउतार झाले. पुढे नोव्हेंबर २००१ मध्ये रिलायन्सने आपला दहा टक्क्यांचा वाटा बिर्लांच्या ग्रासिमला विकला, ३०६ रुपये ६० पैसे भावाने. बाजारभावापेक्षा कितीतरी वर. नंतर ग्रासिमने बाकीच्या भागधारकांना ओपन ऑफर दिली ती १९० रुपयांची, म्हणून पेपरांत गदारोळ. बिर्लांना हवा होता आमचा सिमेंटचा धंदा. शेवटी सिमेंट वेगळं काढून त्यांना दिलं, तेच आजचं अल्ट्राटेक. त्या बदल्यात त्यांच्याकडचे एलअँडटीचे शेअर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टने घेतले. आमचे तेव्हाचे प्रमुख ए. एम. नाईकसाहेब, त्यांनी हे जमवलं. तेव्हा आम्ही कँटीनमध्ये तावातावाने बोलायचो : कंपनी घडवणाऱ्यांची असते, शेअर गोळा करणाऱ्यांची नाही.

माझा पुतण्या तेव्हा शाळेत. आमच्याकडे राहायचा, सगळं ऐकायचा. मोठा होऊन बंगळुरूला आयटीत गेला. माइंडट्रीत नाही, पण संस्थापकांवर त्याची फार श्रद्धा. २०१९ च्या मार्चमध्ये त्याचा फोन, "काका, घडवणाऱ्यांची असते ना हो कंपनी?"

मी म्हणालो, अरे, सिद्धार्थ स्वतःहून विकत होता, भाव रोख होता. संस्थापकांकडे मिळून तेरा-साडेतेरा टक्के. बाकीचे शेअर लोकांचे, त्यांना विकायचे असतील तर कोण अडवणार? म्हणाला, हे तर तेव्हा बिर्लाही म्हणत असतील. माझा आवाज चढला. बायकोने हातातून फोन काढून घेतला.

गणपतीला आला नाही तो. पुढच्या वर्षी करोना. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन कंपन्या एक होऊन एलटीआयमाइंडट्री झाली तेव्हा त्याने मला बातमी पाठवली, खाली काही लिहिलं नव्हतं. मी अंगठा पाठवला. माझं मत अजून तेच आहे, फक्त कुठल्या सालचं ते विचारू नका.

*

वकील, मुंबई

थोडं वेगळं मत. टेकओव्हरने मैत्री तुटते हे मला फारसं पटत नाही. रोज समोरासमोर भांडणारे वकील दुपारी एकाच डब्यातलं खातात. आमच्या धंद्यात बाजू भाड्याची असते हे दोघांनाही ठाऊक असतं. वर लिहिलेल्या मैत्रिणींचं बिनसलं ते इसॉप्समुळे. बँकर बाईंनी केलं ते अगदी बरोबर, आणि ते बरोबर होतं म्हणूनच मैत्रिणीला लागलं. चूक असती तर माफ करता आली असती.

*

कारखानदार, भोसरी

लिस्टेड कंपन्यांचं चाललंय, आमचं छोटं आहे. बाबा आणि त्यांचा मित्र, आमचे अण्णाकाका, दोघांनी भाड्याच्या गाळ्यात दोन लेथवर सुरुवात केली. पुढे प्रायव्हेट लिमिटेड. निम्मे-निम्मे शेअर. माझ्या मुंजीत मामा नव्हता म्हणून मामाचा मान अण्णाकाकांनी घेतला होता.

अण्णाकाकांची मुलं कॅनडात, त्यांना यात रस नाही. त्यांनी शेअर विकायचं ठरवलं. आमच्या कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे नियमावलीत, कलम होतं की बाहेर विकण्याआधी दुसऱ्या भागीदाराला त्याच भावाने द्यायचे. पत्र आलं तेव्हा कळलं की भाव देणारा आमचा थेट स्पर्धक आहे. त्याने मुद्दाम फुगवलेला भाव दिला होता. एवढे पैसे आमच्याकडे नसणार हे त्याला माहीत होतं आणि अण्णाकाकांनाही.

बाबांचं म्हणणं, कुणालाही विक, याला नको. अण्णाकाकांचं म्हणणं, हा भाव दुसरा कोण देईल? दोघंही खरं बोलत होते. आमच्या सीएने एशियन पेंट्सचं उदाहरण दिलं. १९४२ मध्ये चार मित्रांनी काढलेली कंपनी. १९९७ मध्ये त्यातल्या चंपकलाल चोक्सींच्या कुटुंबाने आपला नऊ टक्क्यांचा वाटा आयसीआयला, म्हणजे रंगातल्याच बड्या परदेशी स्पर्धकाला, विकायला काढला. बाकीची तीन कुटुंबं आडवी आली आणि तो व्यवहार होऊ दिला नाही. बाबा म्हणाले, "ते तीन होते. मी एकटा आहे."

बँकेने गाळा आणि आमचं राहतं घर तारण घेतलं तेव्हा रक्कम जमली. शेअर घेतले. ट्रान्सफर फॉर्मवर सह्या सीएच्या ऑफिसात झाल्या. अण्णाकाका सहीला बाबांचंच पेन मागायचे, सवयीने. त्या दिवशीही मागितलं. बाबांनी दिलं आणि परत घ्यायला विसरले, असं ते म्हणतात. ते पेन चांगलं महागाचं होतं, विसरण्यातलं नाही.

कर्ज अजून चालू आहे. अण्णाकाकू आईला दिवाळीचा फराळ पाठवतात, आईही पाठवते. पुरुषमंडळींचं बोलणं नाही.

*

नाव नको

वाचतोय सगळं. सध्या अशाच एका प्रकरणात आहे. समोर माझा सख्खा मेव्हणा आहे आणि पुढच्या महिन्यात घरात लग्नकार्य. बायको विचारते, तुम्ही दोघं एकमेकांशी धड बोलत का नाही? तिला काय सांगू?

*

कंपनी सेक्रेटरी, ठाणे

@नाव नको : काहीही सांगू नका. ट्रेडिंगच्या नियमांत बायको थेट 'निकटचा नातेवाईक' धरली जाते. तिच्या डिमॅटमधून त्या कंपनीच्या शेअरमध्ये एकही व्यवहार होता कामा नये. सासऱ्यांचे शेअर तुम्ही सांभाळत असाल तर तेही आजच कंप्लायन्सला कळवा. लग्नात मेव्हण्याशी केटरर, हॉल, आहेर यावर हवं तेवढं बोला, चारचौघांत बोला. दोघं मिळून गच्चीवर वगैरे जाऊ नका, उगाच कुणीतरी फोटो काढतं.

आणि 'सध्या' आणि 'मेव्हणा' हे दोन्ही शब्द वरून काढून टाका.