चेनसॉचं इंजिन खोललंय, क्रँक सील (क्रँकशाफ्टवरचे रबरी सील) पण बदलू का?

मुळशीकर: पिस्टन-रिंग नवीन टाकतोय, सील वरून तर चांगले दिसतायत, तरी बदलू का?

नानापेठ_गॅरेज: बदलाच दादा. सील कडक झालं की तिथून हवा ओढतं, मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि नवा पिस्टन पण जॅम होतो, आयडलला (ट्रिगर न दाबता) रेस आपोआप चढत असेल तर संशय तिथेच घ्यायचा. बसवताना स्प्रिंगवाली बाजू आत, सीलच्या ओठाला (शाफ्टला टेकणाऱ्या कडेला) ऑइल लावा आणि शाफ्टवरच्या चावीच्या खाचेवर टेप गुंडाळा, नाहीतर तिथेच फाटतं.

मुळशीकर: सीलपर्यंत जायला क्लच काढतोय, पण निघत नाहीये, जोर लावू?

कोथरूडचा_सुतार: थांबा! बहुतेक सॉला क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवा. आणि जुनं सील उचकटताना शाफ्टला ओरखडा नको, नवं पण लीक होईल.