टीमचे नियम वरिष्ठच मोडत असतील तर टोकायचं कोणी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टीम लीड आहे. टीममधले बहुतेक जण पुण्यात, एक मुलगी नागपूरला घरून काम करते आणि दोघं शिकागोत. प्रोजेक्ट सुरू होताना सगळ्यांनी मिळून नियम ठरवले, वरून कोणी लादले नाहीत. रोजची मीटिंग वेळेवर सुरू होऊन १५ मिनिटांत संपवायची, रिव्ह्यूला (तपासायला) आलेला कोड कामाच्या एका दिवसात बघायचा, फोनवर काही ठरलं तर ते तिकिटात (त्या कामाच्या ऑनलाइन नोंदीत) लिहायचं.

मीटिंग शिकागोच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि आपल्याकडे तीच मीटिंग साडेनऊला येते. घरात लहान मुलं असलेल्यांचे हाल व्हायचे. ते बोलून सुटलं, हिवाळ्यात शिकागोवाले नऊला बसतात.

सुटत नाही ते वेगळंच. आमचे आर्किटेक्ट (सॉफ्टवेअरची रचना ठरवणारे) वयाने आणि अनुभवाने सगळ्यांत मोठे. अडलेल्याला रात्री-अपरात्री मदत करतात, मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण निर्णय फोनवर घेतात आणि कुठेच लिहीत नाहीत. असाच एका एपीआयचा (दोन प्रोग्रॅम एकमेकांशी ज्यातून बोलतात तो दुवा) फॉरमॅट बदलला, नागपूरच्या मुलीला पत्ताच नाही, तिचं झालेलं काम वाया गेलं. तिने मीटिंगमध्ये नियमाची आठवण करून दिली, तर "आता तू मला नियम शिकवणार का?" असं ऐकावं लागलं. तेव्हापासून ती गप्प असते आणि तिच्याकडे बघून बाकीचे ज्युनियरही. मला सगळ्यात जास्त हेच लागलंय.

उशिरा येणाऱ्याने डब्यात पन्नास रुपये टाकायचे, असंही सुरू केलंय. लोक हसत पैसे टाकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उशिरा येतात.

दर वेळी मीच टोकलं तर नियम माझे एकट्याचे होऊन बसतात. मॅनेजरकडे तक्रार न्यायची नाही. काय करावं?

प्रतिसाद १

डबा आधी बंद करा. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही पूर्वीइतका कमी झाला नाही. पैसे दिले की अपराधीपणा संपतो. रिव्ह्यूचा नियम तर माणसांवर सोडूच नका, एकाची तरी मंजुरी असल्याशिवाय कोड मर्जच (मुख्य कोडमध्ये सामील) होणार नाही असं सेटिंग करून टाका. तिथे टोकायची वेळच येत नाही.

प्रतिसाद २

सरांशी एकट्याने बोला, आणि नियमाबद्दल नको, त्या मुलीच्या वाया गेलेल्या कामाबद्दल बोला. चारचौघांत काढलंत तर ते अडून बसतील. शिवाय नियमच थोडा बदला: फोन ज्याला आला त्याने निर्णय तिकिटात लिहायचा, सरांनी खाली फक्त 'बरोबर' म्हणायचं. लिहिलेलं नाही ते ठरलेलं नाही.

टोकायचं काम आठवड्याला एकेकाकडे द्या, सरांकडेही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी (२००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल) सामाईक कुरणं, कालव्याचं पाणी सांभाळणाऱ्या गावांचा अभ्यास केला. ज्या व्यवस्था वर्षानुवर्षं टिकल्या, तिथे बहुतेक ठिकाणी नजर ठेवणारे वापरणाऱ्यांपैकीच किंवा त्यांना जबाबदार असलेले असत, आणि पहिल्या चुकीला शिक्षा सौम्य असे, मग वाढत जाई.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. फोन घेणाऱ्याने लिहायचं, हे फार पटलं. येत्या रेट्रोमध्ये (झालेल्या कामाचा आढावा घेण्याच्या मीटिंगमध्ये) मांडतो, त्याआधी सरांसोबत चहाला जातो. एकच शंका उरते: त्या मुलीशी सरांनी स्वतः बोलावं असं मी त्यांना सुचवू का, की ते त्यांच्यावर सोडावं? अशा प्रसंगातून गेलेल्या कोणी सांगितलं तर बरं होईल.