नशेच्या गोळ्या आणि तालीम मंडळ: फलकावर नावे लावावीत का?

प्रश्न : मंडळ कार्यकर्ता, मंगळवार पेठ, कोल्हापूर

नमस्कार. मी पेठेतील एका तालीम मंडळाच्या कार्यकारिणीत आहे. आमच्या भागातील काही मुले अंगदुखीच्या गोळ्या आणि खोकल्याचे औषध नशेसाठी घेत आहेत, हे आता कोणापासून लपून राहिलेले नाही. त्यांतील एक जण शिरोली एमआयडीसीत फौंड्रीवर रात्रपाळीला जातो. कंबरदुखीवर म्हणून ट्रॅमाडॉल सुरू झाले, गोळ्या वाढत गेल्या आणि कामावर फिट आली तेव्हा कुठे घरच्यांना खरी गोष्ट कळली. परवाच्या बैठकीत काही ज्येष्ठांनी सुचवले, की अशा मुलांची नावे मंडळाच्या फलकावर लिहावीत आणि त्यांना तालमीतून व गणेशोत्सवातून बाहेर ठेवावे. दुसरे मत असे पडले, की वर्गणीतून पैसे काढून त्यांना महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावे, म्हणजे प्रश्न मिटेल. मला दोन्ही पटत नाही, पण मग करावे काय, हे बैठकीत सांगता आले नाही. जिममध्ये मुले जे इंजेक्शन घेतात तेही याच प्रकारात मोडते का आणि परदेशात लोक अशा गोळ्यांच्या अतिसेवनावरचा उतारा म्हणून नॅलोक्सोन जवळ बाळगतात तसे मंडळाने ठेवावे का, हेही विचारायचे आहे.

उत्तर : निवृत्त समाजसेवा अधीक्षक

आधी इंजेक्शनचे सांगतो. जिममध्ये चालते ते बहुधा मेफेंटरमाइन. शस्त्रक्रियेच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणण्याचे ते औषध आहे. ते उत्तेजक आहे, ओपिऑइड म्हणजे अफूच्या वर्गातले औषध नव्हे, आणि त्याचा धोका हृदयाला असतो. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, खोकल्याच्या औषधातले कोडीन आणि हेरॉइन ही मात्र याच ओपिऑइड कुळातली असून त्यांच्या अतिसेवनाने श्वास मंदावतो आणि माणूस त्यानेच दगावतो. दोन्हींची सरमिसळ झाली तर कार्यकर्ते भलत्याच लक्षणांवर नजर ठेवून बसतील.

फलक लावू नका. नाव लागलेला मुलगा गोळी सोडत नाही, गल्ली सोडतो, आणि आडोशाला एकट्याने घेणाऱ्याला काही झाले तर उचलायलाही कोणी नसते. हे मूठभर वाया गेलेल्यांचे प्रकरण आहे असेही समजू नये. एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ओपिऑइड घेणाऱ्यांची संख्या सुमारे 2 कोटी 26 लाख निघाली आणि त्यांत मेडिकलमधली औषधे घेणाऱ्यांचे प्रमाण (लोकसंख्येच्या 0.96 टक्के) हेरॉइनच्या (1.14 टक्के) जवळपास पोहोचलेले होते.

केंद्रात महिनाभर ठेवले की प्रश्न मिटतो, या समजुतीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण अनेकदा जीव जातात ते तिथून बाहेर पडल्यावरच. गोळी बंद झाली की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, अंगावर काटा आणि पायांची तळमळ सुरू होते व साधारण आठ-दहा दिवसांत ओसरते. घरचे यालाच ‘बरा झाला’ म्हणतात. प्रत्यक्षात तेवढ्या दिवसांत शरीराची सवय उतरलेली असते, तलफ मात्र उतरलेली नसते. मुलगा घरी येतो, जुन्याच हिशोबाने पाकीट फोडतो आणि पूर्वी पचत होती तीच मात्रा आता श्वास बंद पाडते. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत जोखमीचे असतात, आणि मंडळाचे खरे काम त्याच आठवड्यांत आहे: रोज संध्याकाळी त्याला तालमीत बोलावणे, तो आला नाही तर घरी डोकावणे आणि उपचाराच्या तारखेला कोणीतरी सोबत जाणे.

उपचार म्हणजे केवळ गोळी तोडणे नव्हे. ओपिऑइडचे व्यसन जडलेल्यांसाठी बुप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरजेप्रमाणे दीर्घकाळही दिली जाते. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा आक्षेप मी नोकरीभर ऐकला. पण जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध 2005 पासून अत्यावश्यक यादीत ठेवले आहे ते उगाच नाही. आपल्या फौंड्रीवाल्या मुलाला मात्र थेट बुप्रेनॉर्फिनच लागेल असे नाही. ते डॉक्टर ठरवतील. सीपीआर या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याला घेऊन जा, त्याच्या फिटची माहिती तिथे आवर्जून द्या आणि त्याच खेपेत कंबर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण दुखणे तसेच राहिले तर तो पुन्हा त्याच गोळीकडे जाईल. घरच्यांना आधी फोनवर बोलायचे असेल तर नशामुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हे क्रमांक आहेत.

उत्तर : औषध विक्रेता, शाहूपुरी

साहेबांनी उपचाराचे सांगितले, मी काउंटरच्या अलीकडचे सांगतो. ट्रॅमाडॉल व कोडीन ही औषधे अनुसूची ‘एच-1’ मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कडक यादीत येतात. 2014 पासून लागू असलेल्या या नियमानुसार डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंदवही ठेवून ती 3 वर्षे जपावी लागते. ट्रॅमाडॉल तर 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले आहे. तरीही पळवाट असते ती चिठ्ठीत. एकाच चिठ्ठीच्या झेरॉक्स चार दुकानांत फिरतात. तारखेवर पेन फिरवलेला असतो, घडी इतकी जुनी असते की कागद मधोमध फाटलेला असतो आणि गिऱ्हाईक डॉक्टरांचे नाव न वाचता सांगू शकत नाही. मूळ चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का व तारीख टाकली तर ती पुन्हा चालत नाही, आणि नियमही तेच सांगतो. मंडळाने भागातील सर्व मेडिकलवाल्यांना एकदा चहाला बोलवावे आणि झेरॉक्सवर माल न देण्याचे सर्वांनी मिळून ठरवावे. एकट्या दुकानदाराने नाही म्हटले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते आणि वर शिव्याही मिळतात.

उत्तर : एक पालक, राजारामपुरी

हे सगळे फार मवाळ वाटते. विकणारे मोकळे फिरतात आणि आपण घेणाऱ्यांची मनधरणी करायची? पोलिसांना कळवल्याशिवाय धाक बसणार नाही.

उत्तर : वकील, कसबा बावडा

विकणाऱ्याची माहिती पोलिसांना आणि अन्न व औषध प्रशासनाला अवश्य द्यावी. त्यावर इथे कोणाचे दुमत असेल असे वाटत नाही. घेणाऱ्याची बाब कायद्यानेच वेगळी ठेवली आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनाधीन माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. केंद्र निवडताना आणखी एक पाहावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 95 नुसार रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधून ठेवण्यास मनाई आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र मागितल्यावर जे केंद्र टाळाटाळ करते, तिथे मुलगा ठेवू नये.

उत्तर : एक बहीण, गडहिंग्लज

माझ्या भावाला आम्ही अशाच एका केंद्रात ठेवले होते. तिथे भेटू देत नसत आणि निघताना पुढच्या उपचाराचा एक कागदही दिला नाही. घरी आल्यावर थोड्याच दिवसांनी तो रात्री जेवून झोपला आणि वेगळ्याच आवाजात, घशात पाणी अडकल्यासारखा घोरू लागला. आई म्हणाली, दमलाय, झोपू दे. मी दिवा लावला तेव्हा ओठ काळेनिळे दिसले, हलवून हाक मारली तरी तो उठेना. वेळेत दवाखान्यात पोहोचलो म्हणून तो आज आहे. मंडळातल्या मुलांना निदान हे घोरणे ओळखायला शिकवा.

उत्तर : निवृत्त समाजसेवा अधीक्षक

ताईंनी वर्णन केलेली लक्षणे अगदी अतिसेवनाचीच आहेत. टॉर्च मारल्यास डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसतात. अशा वेळी 108 ला फोन करावा, माणसाला कुशीवर वळवावे आणि श्वास थांबलाच तर तोंडाने श्वास देत राहावे. मीठपाणी पाजू नये, थंड पाणी ओतू नये. नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा अमेरिकेत 2023 पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. आपल्याकडे ते प्रामुख्याने इंजेक्शनच्या रूपात दवाखान्यांत असते, त्यामुळे मंडळाच्या कपाटात ते ठेवण्यापेक्षा जवळच्या दवाखान्यात रात्री ते असते का, याची आधी चौकशी करून ठेवावी. त्याचा परिणाम अर्धा ते दीड तासच टिकतो, म्हणून शुद्धीवर आलेल्या मुलाला लगेच घरी आणू नये. ट्रॅमाडॉलची फिट नॅलोक्सोनने थांबत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. फलकाचा विषय पुढच्या बैठकीत मागे घ्यायला लावतो. दोन ज्येष्ठ अजून अडून बसले आहेत, त्यांना वकील साहेबांचे उत्तर वाचून दाखवीन. फौंड्रीतील मुलाच्या आईशी बोललो. बाह्यरुग्ण विभाग सकाळी असल्याने त्याला रात्रपाळी संपवून थेट सीपीआरला नेता येईल का, यासाठी ठेकेदाराची गाठ घेणार आहे. शाहूपुरीच्या काकांना विनंती, मेडिकलवाल्यांच्या बैठकीला आपण स्वतः याल का? मंडळाच्या पोरांपेक्षा आपला शब्द ते ऐकतील.