निकाल छापलाय, मग कागद कशाला?
न्यूरेंबर्गच्या डॉक्टर खटल्याचा, म्हणजे कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांवरच्या खटल्याचा, निकाल छापून झालाय, मग खटल्यातल्या बाकीच्या कागदांची रद्दी कशाला जपायची, असं वर एकांनी विचारलंय. अहो, खरा पुरावा त्या रद्दीतच आहे! डाखाऊच्या नाझी छळछावणीत कैद्यांवर कमी दाबाच्या हवेचे जीवघेणे प्रयोग करणारा डॉक्टर राशर डिसेंबर १९४६ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा हयातच नव्हता. बोललं ते त्याचं १५ मे १९४१ चं, नाझी एसएस दलाचा प्रमुख हिमलरला लिहिलेलं पत्र: प्रयोगाला दोन-तीन सराईत गुन्हेगार मिळतील का? ते यात मरू शकतात, हेही त्यात सरळ लिहिलंय. अर्जासारखं, थंडपणे.

हार्वर्डच्या विधी ग्रंथालयातल्या न्यूरेंबर्ग खटल्यांच्या कागदांच्या प्रती आम्लयुक्त कागदावरच्या, हाताळल्या की झिजणाऱ्या. म्हणून स्कॅनिंग हाती घेतलं, तेही याच खटल्यापासून. तरी स्कॅन झालं म्हणून कागद टाकून देऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं.